ट्यूडर राजे आणि ट्रंकमधले मोदक

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. कुठले विषय घ्यावेत हे सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून वेळापत्रकात बसला तो घेतला: इंग्लंडचं ट्यूडर घराणं. बाबा म्हणाले, "दीडशे वर्षं राज्य केलं त्यांनी आपल्यावर. आता पैसे भरून शिकायचं?" ते राजे हे नव्हेत असं मी सांगितलं, पण खात्रीने नाही.

त्या घराण्यातल्या बापाने लग्न मोडता यावं म्हणून पोपशी नातं तोडलं आणि स्वतःच चर्चचा प्रमुख झाला. मुलाने मूर्ती हटवून भिंतींना चुना फासला. थोरल्या मुलीने मूर्ती परत आणल्या. धाकटीने पुन्हा सगळं फिरवलं. वर्गातल्या अमेरिकन मुलांना हा क्रम लक्षात राहीना. मला एकदा ऐकून पाठ झाला, कारण अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आमच्या छोट्या मराठी मंडळातही अध्यक्ष बदलला की धर्म बदलत असे.

मंडळाचा गणपती वर्षभर एका बेसमेंटमध्ये, ख्रिसमसच्या झाडाशेजारी खोक्यात राहायचा. विसर्जन सुपारीचं, बादलीत. उकडीचे मोदक मात्र आईकडे. आई मोटेलमध्ये चादरी धुवायची. आठवडाभर तिच्याशी कोणी धड बोलत नसे. गणपतीच्या दिवशी मोठमोठे इंजिनिअर तिच्यापुढे वाटी घेऊन उभे राहायचे.

मग नवे अध्यक्ष आले. हे काका मोटारींचे ब्रेक डिझाइन करायचे, आणि सुधारणा मात्र त्यांना ब्रेक न लावता हव्या होत्या. त्यांनी फोन केला. "वहिनी, यंदा मोदक कॅन्सल केलेत. शाळेचा हॉल आहे, वाफेने फायर अलार्म वाजतो. मुलांना ब्राउनीज आवडतात. देवाला काय, सगळं चालतं."

"बरं, भाऊजी," आई म्हणाली.

देवाला ब्राउनीजचा नैवेद्य दाखवला. तो काही बोलला नाही. खोक्यात राहून त्याला सवय झाली असावी. आईने मोदक तरीही केले होते, गाडीच्या ट्रंकमध्ये, फॉइलखाली. आरती संपल्यावर पार्किंग लॉटमध्ये सगळ्यांत आधी आले ते सुधारक काकाच. "एकच द्या, वहिनी. आणि हिला सांगू नका."

त्याच आठवड्यात प्रोफेसरांनी विचारलं, मूर्ती काढायचा हुकूम आल्यावर साधी माणसं काय करत असतील? मी वर्गात कधी बोलत नसे. हात अर्धाच वर केला. "हो म्हणत असतील," मी म्हटलं, "आणि घरी लपवून ठेवत असतील." ते म्हणाले, अगदी बरोबर, कुठे वाचलंस? ट्रंकचं सांगायचा धीर झाला नाही.

पुढच्या वर्षी एक काकू अध्यक्ष झाल्या. त्यांनी परंपरा परत आणली, सोवळ्यासकट. "मोदक पुन्हा सुरू करतोय," त्यांनी फोनवर सांगितलं. "पण नीट, माझ्या देखरेखीखाली. तुम्ही नारळ खवायला या."

मी आईच्या 'बरं'ची वाट पाहत होते. ते आलं नाही.

"खवायला नाही येणार," ती म्हणाली. "करायचे तर मी करीन, माझ्या घरी. आणि ट्रंकमधून वाटणार नाही."

"विचारून सांगते," काकू म्हणाल्या. कोणाला विचारणार होत्या कोण जाणे, अध्यक्ष त्याच होत्या.

आईने फोन ठेवला आणि पिठीसाठी तांदूळ धुवायला घेतले. तांदूळ चादरीवर पसरून होईपर्यंत फोन पुन्हा वाजला. काकूच होत्या.

"ताई, मोदक न्यायला कधी येऊ?"

"आम्हीच आणू," आई म्हणाली. "देवापुढे मोठं ताट मांडून ठेवा."