बाजरीचं पीठ घेऊन बारात

आयुष्यात एकदाच दारूच्या बारात गेलो, तेही बाजरीचं पीठ घेऊन. बायको असती तर तोंडाला पदर लावून हसली असती. ती न्हाई म्हणूनच जावं लागलं.

तिचं वर्षश्राद्ध वीस दिवसांवर आलं होतं, आणि तिच्या पिंडाला तिचं पोरगं पाहिजे होतं. पोरगं एकुलतं, पुण्यात नोकरीला. त्याला घरी येऊ नको म्हणणारा मीच. झालं असं, की तिच्या तेरवीला पाहुणे जेवून उठले आणि तिथंच अंगणात बसून पोराचं लग्न जमवायला लागले. घरात मयत झाली की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, न्हाईतर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्याकडची रीत. माझ्या भावानं दोन पोरी सांगितल्या. पोरगं म्हणलं, "काका, मला पोरगी नको. पुण्यात माझ्यासंगं एकजण राहतो. गडी हाय."

भावाच्या अडकित्त्यातली सुपारी तशीच राहिली. मी म्हणलो, "मग या घराची पायरी चढू नको."

जन्मात माझं एक ऐकलं न्हाई त्यानं. लवकर उठ म्हणलं, उठला न्हाई. केस काप म्हणलं, वाढवले. हे मात्र मुकाट्यानं ऐकलं.

फोनवर असलं बोलणं मला जमत न्हाई. नेकनूरहून एसटी धरली. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून घरच्या गिरणीतलं पाच किलो पीठ पिशवीत घातलं. पुण्यात पोचलो तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "शनिवार आहे ना, दोघं कोरेगाव पार्कला गेलेत. एका बारमध्ये त्यांच्यासारख्यांचा कार्यक्रम असतो." तिनंच चिठ्ठीवर पत्ता लिहून रिक्षात बसवलं.

दिवेलागणीची वेळ होती. दारात दरवाजाएवढाच रुंद गडी उभा. त्यानं पिशवी उघडली.

"ही पावडर कसली?"

"बाजरीची. चाखून बघ."

त्यानं खरंच चिमूटभर जिभेवर ठेवली आणि एकदम वळखीचं हसला. "काका, कुठलं गाव? मी तिकडचाच, दिंद्रुडचा."

"मग बाजरी वळखायला चाखावी कावून लागली बे?"

लाजला बिचारा. पिशवी आपल्या खुर्चीखाली ठेवली आणि हळूच म्हणला, "काका, आज आत सगळे पुरुष-पुरुषच हायत बरं का."

"मग काय, आमच्या पारावर काय बाया बसत्यात?"

आत गेलो. निळे-जांभळे दिवे, चकचकीत शर्टं, एकमेकांच्या गळ्यात हात. मी काय काय मनात धरून गेलतो. बघतो तर पोरं नाचत होती, घाम पुसत होती, कुणी कुणावर रुसलं होतं. गावच्या वरातीत याच्यापेक्षा जास्त धिंगाणा असतो. एकजण पैठणी नेसून आला. निऱ्या अशा एकसारख्या, की माझी बायको जळली असती.

"काका, नाचणार का?"

"गुडघ्याला विचारून सांगतो. तुला ताई म्हणू का भाऊ?"

"इथं ताई. सोमवारी ऑफिसात साहेब."

"मग ताई, पदराला पिन लाव. खांद्यावरून निसटतोय."

आवाज असा, की छाती हादरत होती. बाकीचे एकमेकांच्या कानात ओरडत होते, मला गरज न्हाई. चाळीस वर्षं गिरणी चालवली. पट्टा सुरू झाला की ऐकायचं न्हाई, ओठ बघायचे. बायको दारात उभी राहून नुसते ओठ हलवायची, "चला, भाकरी गार होतीय." मला सगळं कळायचं. ती गेली आणि आता गिरणीत नुसता आवाज उरला.

पोरगं पलीकडच्या कोपऱ्यात दिसलं. लई वाळलं होतं. मला बघून ते शेजारच्या उंच पोराला म्हणलं. काय म्हणलं ते एवढ्या लांबून मी वाचलं. "आबा आलेत. मी मागच्या दारानं जातो."

उंच पोरगं म्हणलं, "तू जा. मी पाया पडून येतो."

ते आलं, पाया पडलं, आधी पाण्याचा गिलास हातात दिला. मग माझ्या कानाशी वाकून ओरडायला लागलं. मी म्हणलो, "ओरडू नको. समोर उभं राहून बोल, मला दिसतं."

"मी पाटोद्याचा. काकूंच्या तेरवीला आलो होतो. मांडवाच्या कडेला उभा होतो."

"मग जेवलास का?"

"न्हाई. तुमच्यासाठी दुखवट्याचा टॉवेल-टोपी आणली होती. पण दुखवटा सोयऱ्यांनी द्यायचा असतो. मी कोण म्हणून देणार? तशीच परत आणली. अजून कपाटात हाय."

बायकोच्या दुखवट्याला मला चौदा टोप्या आल्या. देणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ती आजारी असताना तोंड दाखवलं न्हवतं. आणि हे येडं एक टोपी वर्षभर घडी करून बसलंय.

मान वर केली. पोरगं मागच्या दाराच्या कडीला हात लावून आमच्याकडंच बघत होतं. तेही गिरणीतच वाढलंय. मी तिच्यासारखे नुसते ओठ हलवले, "आईचं वर्षश्राद्ध हाय. ये."

त्यानंही ओठच हलवले. "एकटा?"

मी पाटोद्याच्या पोराकडं वळलो. "दुखवटा बारात देत्यात का बे? घरी येऊन, तिच्या फोटोसमोर द्यायचा असतो. कपाटातली टोपी घेऊन ये. डोक्याला बसली न्हाई तर बदलून आणायची."

मी पोराला दोन बोटं दाखवली. दोघं.

"लोक?" पोरानं विचारलं.

"त्या दिवशी गिरणी चालू ठेवतो. कुणाचं काय ऐकायलाच येणार न्हाई."

कडीवरचा हात सुटला. ते नाचणाऱ्या गर्दीतून वाट काढत यायला लागलं, आणि पोचायच्या आधीच मी सांगून टाकलं, "पीठ दारात दिंद्रुडकराच्या खुर्चीखाली हाय. जाताना इसरू नका, जाळ्या लागतील."