खडीसाखरवाले सर

बेळगावच्या कॉलेजात आम्हाला रसायनशास्त्र शिकवणारे सर वर्गात हातोडी घेऊन येत. पहिल्याच तासाला त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, संकेश्वरच्या बाजारातली खडीसाखर पाटावर ठेवली आणि अंधारात घाव घातला. निळसर ठिणगी चमकली! खिडक्या उघडल्यावर त्यांनी आम्हाला तुकडे वाटले आणि सगळ्यांत मोठा स्वतःच्या तोंडात टाकला. तेव्हापासून ते आमचे खडीसाखरवाले सर.

सर निपाणीकडच्या तंबाखूवाल्यांच्या घरातले. शिकवायचे इंग्रजीत, पण रंगात आले की गावाकडची भाषा सुटायची. महायुद्धाचे दिवस, पोरांना बॉम्बचे वेड. कोणी विचारलेच तर म्हणत, "फुटायला काय अक्कल लागतीया? न फुटता कसं ऱ्हायचं, ते शिका की रं!"

मग हायड्रोजन बंधाचा विषय निघायचा. काही स्फोटक स्फटिकांत हायड्रोजन शेजारच्या रेणूला धरून असतो. घाव बसला तरी तो साऱ्यांत वाटला जातो. पिक्रिक आम्लाच्या पिवळ्या स्फटिकांत मात्र हायड्रोजन स्वतःच्याच रेणूत अडकलेला, शेजाऱ्याला धरायला मोकळा नाही. म्हणून ते बिथरतात, असे सर सांगत आणि लगेच बजावत, "हा माझा अंदाज हां!" पक्के ठाऊक होते ते एवढेच, की ते ओले ठेवावेत. कोरडे पडले, की नुसत्या घासण्यानेही घात.

"पूर्वी रेशीम रंगवायचे त्याने," सर म्हणाले. मी उठून सांगितले, "सर, आमच्या घरात रेशमाच्या पिवळ्या रंगाची बरणी आहे."

आम्ही बेळगावला लागूनच्या शहापूरचे विणकर. पावसाळ्यात रंग दमट होऊ नयेत म्हणून बरण्या चुलीवरच्या फळीवर ठेवायची आमची रीत. वडील गेल्यावर त्यांची पिवळ्या रंगाची बरणी थोरल्या आक्काने तिथेच, तोंडाला फडके बांधून, जिवापाड जपली होती. इतकी वर्षे ती चुलीच्या उबेत सुकत होती.

सर तास सोडून तडक माझ्याबरोबर निघाले. बरणी लांबूनच पाहून त्यांनी चूल विझवायला लावली.

"आक्का, लेकरास्नी घेऊन गल्लीच्या टोकाला जावा."

"आनि तुमी, मास्तर?"

"मला सवय हाय."

आक्का मला आणि तिच्या पोरांना ओढतच घेऊन गेली. नंतर कळले, रंग पुरता भिजेपर्यंत सरांनी फडके सोडले नाही, बरणी हलवली नाही. कापसाच्या बोळ्याने फडक्यावर थेंब थेंब पाणी सोडत राहिले. आम्ही टोकाशी कान देऊन उभे. मला रडू आवरत नव्हते.

ऊन कलल्यावर सर बाहेर आले. पाण्याच्या बादलीत बसवलेली बरणी त्यांनी अंगणात अलगद ठेवली. शेजारणीने चहा आणला, पण त्यांना कप धरवेना.

"सवय हाय म्हनालासा न्हवं?" आक्काने विचारले.

"जन्मात पयल्यांदा केलं, आक्का. पर तसं सांगितलं असतं तर तुमी मला एकट्याला सोडून गेला असतासा व्हय?"

चहा बशीत ओतून आक्काने बशी त्यांच्या ओठांशी धरली.

पुढे काही वर्षांनी सर वारल्याचा निरोप आला, तेव्हा आक्काने माग बंद ठेवला. आमच्यात माग थांबतो तो घरचे माणूस गेले तरच.