भुसकटात चाललेलं बर्फाचं यंत्र

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी वळसंगच्या मिस्त्रीमामांचं नाव घेतो. नात्यानं ते माझे कुणी नव्हते. सोलापूरच्या गिरणीत वीस-बावीस वर्षं काढून ते गावी परतले होते आणि रस्त्याकडेच्या पत्र्याच्या खोलीत जळलेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचे.

मी तेव्हा नुकताच शेतकीची पदवी घेऊन बाहेर पडलो होतो. सांगोल्याकडच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. वडील मेंढरं राखायचे. सोलापूरच्या दक्षिणेला एका निवासी शाळेची शेती होती, तिच्यावर देखरेखीसाठी मला घेतलं. एक वर्ष काम बघायचं आणि पटलं तर कायम करायचं, असं ठरलं होतं. नेमणुकीचा कागद वडिलांनी आठवड्याच्या बाजारात नेऊन तीन ओळखीच्या माणसांकडून वाचून घेतला, आणि तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकला.

दुष्काळानंतर त्या शाळेला परदेशातून देणगीत एक छोटा जुना ट्रॅक्टर आला होता. तिकडं घराभोवतीची बाग राखायला वापरतात तसला, आमच्या खिलार बैलापेक्षाही बुटका. सोबत एका खोक्यात गवत कापायचं पातं होतं आणि दुसऱ्यात लाल रंगाचं, मोठा जबडा असलेलं एक यंत्र. जबड्यात आडवा फिरणारा मळसूत्री दांडा, मागं पंखा आणि वर धुराड्यासारखं तोंड. बरोबरचं इंग्रजी पुस्तक वाचणारा शेतावर मी एकटाच. मी वाचून जाहीर केलं की हे बर्फ फेकायचं यंत्र आहे.

ट्रॅक्टरचं वायरिंग करून तो चालू करायला मिस्त्रीमामांना बोलावलं होतं. ते म्हणाले, "म्हंजे रसवाल्याची लादी फोडायचं व्हय?"

"नाही मामा. रस्त्यावर पडलेला बर्फ उचलून बाजूला फेकतं."

"फुकट पडल्याला बर्फ फेकून देत्यात? आन् आमी उन्हाळ्यात वाटीभर बर्फासाठी शहरापत्तुर सायकल हाणतो!" सगळे हसले. मामांनी त्या धुराड्यात हात घालून बघितला आणि म्हणाले, "बीएस्सीसाहेब, हे भुसकट फेकंल की."

तेव्हापासून मी त्यांचा बीएस्सीसाहेब झालो. त्यांची कल्पना खरी ठरली. ज्वारीची मळणी झाली की खळ्यावर भुसकटाचा डोंगर उरायचा. तो पाट्यांनी वाहून शाळेच्या गाईंसाठी कोठारात भरेपर्यंत निम्मा वाऱ्यानं जायचा. हे यंत्र जबड्यानं भुसकट ओढून घ्यायचं आणि कोठाराच्या वरच्या खिडकीतून थेट आत फेकायचं. स्वयंपाकघरातल्या बायका हातातलं काम टाकून बघायला आल्या होत्या.

मामांचा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीवर जडला. ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला हातभर लांबीची विजेची मोटार होती. बसल्या जागेवरून बटण दाबलं की तिच्यातला दांडा सरकायचा आणि तो जड जबडा आपोआप उचलला जायचा. बांध आला की वर, खळं आलं की खाली. मामा लहान मुलासारखे ते बटण पुन्हा पुन्हा दाबायचे. "घाम न येता वजन उचलतंय. लई शाना कारागीर असंल ह्यो."

त्या मोटारीच्या तारेत सुपारीएवढी एक डबी होती. जोर जास्त पडला की ती 'टक्' करायची आणि मोटार बंद. थोड्या वेळानं पुन्हा आपोआप चालू. खळ्यावर दिवसातून दहा वेळा हे व्हायचं. गडी हात बांधून उभे राहायचे आणि माझ्याकडे बघायचे. मला वाटलं, डबी बिघडलीय. आमच्याकडं फ्यूज सारखा उडायला लागला की लोक काय करतात, ते सर्वांना माहीत आहे. मी कॉलेजात असताना ज्या खोलीत राहायचो तिथं घरमालकानं फ्यूजमध्ये तारेचे तीन पदर घातले होते. मीही तेच केलं. मामा नसताना डबीच्या दोन्ही टोकांना जाड तांब्याची तार जोडून टाकली.

तीन दिवस यंत्र एकदाही थांबलं नाही. "साहेबांनी काय जादू केली बगा," असं गडी म्हणाले आणि मी ते ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी जबड्याखाली दगड अडकला. मी बटण दाबून धरलं. जबडा हलेना, मी बोट काढेना. मग तारेवरचं व्हार्निश जळल्याचा वास आला आणि मोटारीतून धूर.

रात्री पुस्तक उघडलं. ही डबी मोटार वाचवण्यासाठी आहे, तिनं मोटार बंद केली तर थांबा, असं त्यात सरळ लिहिलं होतं. पुस्तक वाचलंय असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. ते पान मी वाचलं नव्हतं.

सकाळी मामा आले. त्यांनी झाकण काढलं, आत बघितलं आणि मग माझ्याकडं. माझं वर्ष संपायला तेव्हा तीन आठवडे उरले होते. तेवढ्यात शाळेचे सेक्रेटरी खळ्याकडं येताना दिसले. मामांनी पक्कड लावून ती तार काढली आणि कोपरीच्या खिशात टाकली.

"काय झालं मिस्त्री?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मोटार जळली जी."

"वायरिंग तुम्हीच केलं होतं ना?"

"व्हय जी. माज्याकडनंच काय तर ऱ्हायलं असंल."

"गिरणीतली कामं वेगळी, मिस्त्री. आता एवढं नीट करून द्या. पुढं पंपाचं कामही आम्ही शहरातल्या माणसाला देऊ."

शाळेच्या विहिरीचे पंप मामा कितीतरी वर्षं सांभाळत होते. मी चार हातांवर उभा होतो. मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही.

सेक्रेटरी गेल्यावर मी म्हणालो, "मामा, मी त्यांना खरं सांगतो."

"बिडो तम्मा," ते म्हणाले. सोड रे भावा. जिव्हाळ्याचं बोलताना त्यांच्या तोंडी कानडी यायची. "आदी कायम हो, मंग सांग. तुजा बा बाजारात कागद वाचून घेतोय म्हनं." हे मीच त्यांना कधीतरी हसत सांगितलं होतं. "पर मोटार तुज्या हातानं जळलीय, तुज्याच हातानं बांदायची. सांजच्याला ये."

मी गेलो. पत्र्याच्या खोलीत जमिनीवर बसून त्यांनी मला जळकी तार उलगडायला लावली. किती वेढे, कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत, ते वहीत काढायला लावलं. दोनदा मी भरलेली तार त्यांनी उपसून टाकली. "कालेजात ह्ये शिकवत न्हाईत व्हय?" एवढंच म्हणाले. तिसऱ्यांदा बसली. व्हार्निश वाळेपर्यंत त्यांच्या घरी भाकरी आणि शेंगाची चटणी. मोटार जोडली, जबडा उचलला, आणि जड झाल्यावर डबीनं 'टक्' केलं. तो आवाज ऐकून मामा माझ्याकडं बघून असे हसले की मला रडू आलं.

मी कायम झालो. वडिलांनी तोही कागद बाजारात नेला. सेक्रेटरींना मात्र मी सांगितलं नाही. उद्या सांगू, भुईमूग निघाल्यावर सांगू, असं करत दोन वर्षं गेली. पंपांसाठी शहरातून माणूस येत राहिला. मामा रस्त्यात भेटले की विचारायचे, "मोटार बरी हाय न्हवं?" दुसरं काही कधीच विचारलं नाही त्यांनी.

मग मला बार्शीला शेतकी विषय शिकवायची नोकरी लागली. तिथून पहिल्याच आठवड्यात मी त्यांना जे पत्र पाठवलं, त्याचा कच्चा कागद अजून माझ्याकडं आहे.

*तीर्थस्वरूप मामांस,*

*शिरसाष्टांग नमस्कार. हे पत्र तुमच्या धाकट्या मुलीकडून वाचून घ्यावे, आणि घरातल्या सर्वांसमोर वाचावे.*

*ट्रॅक्टरची मोटार मी जाळली. डबीवर तार मीच जोडली होती. तुमचा त्यात काही दोष नव्हता. हे सर्व मी आज सेक्रेटरीसाहेबांना सहीनिशी लिहून कळवले आहे, आणि पंपाचे काम तुम्हाला परत द्यावे अशी विनंती केली आहे. तिथली नोकरी सोडल्यावर सांगतो आहे, तेव्हा यात धाडस काही नाही, हे मला कळते. तुम्ही म्हणाला होता, आधी कायम हो, मग सांग. मी पहिले केले आणि दुसऱ्याला दोन वर्षे लावली.*

*इथे मला मोटारीचा तास घ्यायचा आहे. ती तार तुमच्याकडे असेल तर टाकू नये. दिवाळीला येईन तेव्हा द्यावी. मुलांना दाखवीन आणि कोणी जोडली होती तेही सांगेन.*

*मामींना नमस्कार.*

*तुमचा,*
*बीएस्सीसाहेब*