ड्यूईची रांगेतली जागा

ड्यूई सार्टेनच्या डाव्या हाताला तीनच बोटं. उरलेली दोन टॅडलॉकांच्या कोठारात गेली, भात वर चढवणाऱ्या लोखंडी स्क्रूमध्ये. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. थोरला टॅडलॉक दवाखान्यात येऊन म्हणाला होता, "तू कामाची काळजी करू नकोस, पोरा." आणि त्याने शब्द पाळला. ड्यूईला कामाची काळजी कधी करावी लागली नाही, कारण काम कधी संपलंच नाही.

थोरला गेला, त्याचा रॉइस आला. रॉइसने भाताबरोबर शिकारीचा तळही चालवायला घेतला. आमच्या लेंट्झ गावात फेब्रुवारीत शेतं पाण्याखाली असतात आणि पांढरे हंस इतके उतरतात, की एखादा थवा उठला तर बोलणाऱ्याचं ऐकू येत नाही. मेम्फिसहून, लिटल रॉकहून शिकारी मंडळी यायची, पांढरे अंगरखे चढवून चिखलात पाठीवर रांगेने पडायची. भोवती काठ्यांवर पांढरी फडकी. वरून बघणाऱ्या हंसाला वाटावं, आपलेच भाऊबंद चरताहेत. तो खाली आला की रॉइस ओरडायचा, "मारा!"

मग बांधाआडून ड्यूई निघायचा. मेलेले गोळा करायचे, अर्धमेल्यांच्या माना पिरगळायच्या.

"बघा, बघा," रॉइस पाहुण्यांना सांगायचा, "देवाने दोन बोटं काढून घेतली ती उगीच नाही. आता मान कशी मापात बसते!"

पाहुणे हसायचे. ड्यूईही हसायचा. वीस-एक हिवाळे तो त्याच विनोदाला हसला.

मग एक दिवस जोलीनच्या खानावळीत, मऊ पावासारख्या बिस्किटांवर ग्रेव्ही ओतता ओतता, तो म्हणाला, "रॉइस, यंदा मला रांगेत जागा दे."

रॉइसने कप खाली ठेवला. "कसली जागा?"

"पडायची. बंदूक घेऊन. एक मोसम."

"आणि हंस कोण उचलणार, माझी सासू?"

खानावळ फुटली हसून. ड्यूई हलला नाही. "तुझ्या बाबांनी कबूल केलं होतं. हात बरा झाला की रांगेत घेतो म्हणाले होते."

"मग हात झाला का बरा?"

"झाला तेवढा झाला."

सगळे बघत होते, म्हणून रॉइसला मोठेपणा सुचला. "ठीक आहे! लांब नळीची पंपाची बंदूक आण, तुला जागा दिली. जोलीन, तू साक्षीदार. पण आधी बंदूक आण, राजा. गलोल नको."

ड्यूईकडे बंदूक नव्हतीच. रॉइस त्याच भरवशावर बोलला होता. पण आठवडा उलटायच्या आत ड्यूई एक जुनी पंपाची बंदूक, दर बाराला मूठ मागे-पुढे ओढायची तसली, आणि तिला पुढून जोडायची जादा काडतुसांची नळी घेऊन व्हर्लीन स्टोबॉच्या दारात उभा राहिला.

व्हर्लीन आमच्याकडची एकुलती एक बंदुका दुरुस्त करणारी. नवऱ्याचं दुकान, नवऱ्याचा एप्रन, आणि जीभ मात्र स्वतःची.

"कुठल्या विहिरीतून काढलीस ही?" तिने बंदूक उलटीपालटी केली.

"जुनी आहे, पण चांगली आहे, मिस व्हर्लीन."

"माझ्याबद्दलही लोक हेच म्हणतात. हे लाकूड कोणी कोरलं?"

पंप ओढायच्या लाकडी मुठीला ड्यूईने चाकूने खाच पाडली होती, आपली तीन बोटं नीट बसतील अशी. "मीच. पकड सुटत नाही त्याने."

बदकांच्या मोसमात बंदुकीत तीनच काडतुसं चालतात, म्हणून नळीत लाकडाची खुंटी घालून बाकीची जागा बुजवतात. पांढऱ्या हंसांना तो नियम नाही. ते फार माजलेत, मारा हवे तेवढे, असं सरकारच म्हणतं. व्हर्लीनने नळीचं टोपण फिरवलं, आतली खुंटी काढून ड्यूईच्या हातात ठेवली. "ही जप. नोव्हेंबरात, बदकांच्या मोसमाला, परत लागेल."

ड्यूईने ती खिशात घातली. नोव्हेंबर हा शब्द त्याला फार आवडलेला दिसला.

"उद्या ये," व्हर्लीन म्हणाली.

त्या दुपारी रॉइस आला. "तीनबोट्याची बंदूक आलीय म्हणे."

"आली. जोडून देतेय."

"इतकी चांगली जोडू नकोस."

व्हर्लीनने चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे?"

"अगं, त्याला रांगेत घेतलं तर चिखलात कोण जाईल? मेक्सिकन पोरंसुद्धा एक दिवस टिकत नाहीत. मी नाही म्हटलं तर गाव म्हणेल बापाचा शब्द मोडला. त्याने आपणहून सोडलं पाहिजे. बंदूक अडकली पाहिजे, आणि त्याला वाटलं पाहिजे की हातच अडकतोय."

"हलकट आहेस."

"आहे. आणि माझ्या तळावरच्या सगळ्या बंदुका तुझ्याकडे येतात. त्या मला गावाबाहेरही नेता येतील."

व्हर्लीनने लहान छिन्नी आणि हातोडी घेतली, आणि जिथे जुनी नळी संपून नवी सुरू होते तिथे आतल्या कडेला एक टोला दिला. एकच. भुवईच्या केसाएवढी धार वर आली. स्प्रिंगच्या टोकाशी काडतुसं मागे रेटणारी टोपी असते, ती त्या धारेवर अडते. आधीची काही काडतुसं निघतात, उरलेली आतच राहतात. बाहेरून बोट आपटलं की टोपी सुटते. कळत काहीच नाही.

रॉइसने हे दोन दिवसांत सगळ्या गावाला सांगितलं. ड्यूईला सोडून.

पहिल्या सकाळी ड्यूई रांगेच्या टोकाला पडला होता. पांढरा अंगरखा त्याने रात्रीच इस्त्री केला होता. चिखलात लोळायला इस्त्री! थवा उतरला, रॉइस ओरडला. ड्यूईने काही बार काढले, दोन हंस पाडले, आणि मग नुसता खट् आवाज. परत ओढलं. खट्. शेजारचे धडाधड मारत होते.

"पूर्ण ओढ, ड्यूई!" रॉइस ओरडला. "अर्धवट ओढतोस! हात मागपर्यंत येऊ दे!"

"ओढतोय!"

"मग बंदूक काय लाजते तुला?"

रांगभर हशा. ड्यूईने आपल्या हाताकडे बघितलं. तिथपासून तो बंदुकीकडे बघेनासा झाला. बघायचा तो हाताकडेच.

तो व्हर्लीनकडे गेला. तिने बंदूक टेबलावर घेतली, खोटी काडतुसं भरली, आणि मध्येच जोडावर सहज बोट आपटत सगळी झरझर बाहेर काढली. "बघ. बंदुकीला काही झालेलं नाही."

"मग मीच?"

"दोन बोटं कमी असली की ओढ अपुरी पडते, बाबा. मी काय करू?"

"सराव केला तर?"

व्हर्लीन कानशीवरचा गंज पुसत राहिली. "करून बघ."

त्याने केला. त्याची आई खिडकीत बसून बघायची आणि शेजारणीला सांगायची, "जेवायला बसला तरी हवेत हात ओढतो गं, मागे-पुढे, मागे-पुढे. खांदा सुजलाय त्याचा." गावातली पोरंटोरं, बायाबापड्या सगळे ती नक्कल करायला लागले. ड्यूई टपालघरात शिरला की रांगेतला कोणीतरी हात हवेत ओढायचा आणि तोंडाने म्हणायचा, "खट्!"

ड्यूई हसायचा.

प्रत्येक सकाळी बंदूक तिथेच अडायची. शेवटी त्याने हात मुठीला चामड्याच्या पट्ट्याने बांधून घेतला. अडली. त्या दिवशी सगळ्यांसमोर तो उठला आणि म्हणाला, "रॉइस, माझ्याने होत नाही. जागा दुसऱ्याला दे."

रॉइसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी दिली होती हो, ड्यूई. सगळ्यांनी बघितलं. मी दिली होती."

"तू दिली होतीस. तुझे उपकार आहेत."

बंदूक त्याने व्हर्लीनकडे विकायला नेली. तिने नळ्या सुट्या केल्या, तेव्हा त्याने सहज अंगठा जोडात घातला. बाहेर काढला तर रक्त.

"हे काय आहे, मिस व्हर्लीन? धार आहे इथे."

व्हर्लीनने त्याच्याकडे पाहिलं नाही. "वेडंवाकडं ओढून ओढून झालीय. नळी खराब केलीस तू."

ड्यूईने अंगठा तोंडात घातला. मग काढून म्हणाला, "माफ करा. तुमचं काम बिघडवलं मी."

तो गेल्यावर तिने कानस दोनदा फिरवली. धार गेली.

दुसऱ्या दिवसापासून ड्यूई परत बांधाआड. आठवड्याभरात मेम्फिसचा एक दातांचा डॉक्टर आला, फेरेल नावाचा. ऐसपैस माणूस, एक खांदा निकामी, पंप ओढायचा म्हणजे ढेकर दिल्यासारखा अर्ध्यातून ओढायचा. थवा आला. ड्यूई बांधाआडून ऐकत होता. त्या रांगेतली एक बंदूक त्याच्या ओळखीच्या आवाजात सुरू झाली, आणि जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. वाजत राहिली. नळी रिकामी होईपर्यंत वाजली.

ड्यूई हंस न उचलता सरळ रांगेकडे आला.

"डॉक्टर, बंदूक बघू जरा?"

"बघ की. तुमच्या व्हर्लीनबाईंकडून घेतली. झकास आहे. आणि ही खाच बघ, काय बोटं बसतात!"

ड्यूईने खाचेत बोटं ठेवली. तिन्ही बसली. "कधी अडते का?"

"छे! लोण्यासारखी चालते. मला नीट ओढताही येत नाही, हा खांदा असा."

"एकदा ओढून दाखवता?"

डॉक्टरने ओढून दाखवलं, अर्धवट, तिरकं. पंप गेला आणि आला.

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. ड्यूईने रॉइसकडे बघितलं. रॉइस आकाशाकडे बघत होता. "ड्यूई, हंस उचल. मोठा थवा येतोय."

"उचलतो," ड्यूई म्हणाला.

तो फडक्यांच्या मधोमध गेला, जिथे सगळ्या बंदुकांची तोंडं वळलेली असतात, आणि पाठीवर आडवा झाला.

"हा काय करतोय?" डॉक्टर म्हणाला.

"ऊठ!" रॉइस घशातल्या घशात ओरडला, कारण थवा वर आला होता आणि मोठ्याने ओरडायची सोय नव्हती. "ड्यूई! ऊठ रे! बाजूला हो!"

त्या मोसमातला सगळ्यात मोठा थवा होता तो. सूर्य झाकला गेला. हंस गिरक्या घेत खाली आले, पाय सोडले, ड्यूईच्या भोवती, त्याच्या बुटांपाशी उतरायला लागले. रांगेतले सगळे बोटं चापावर ठेवून पडलेले, आणि मारायची कोणाची टाप नाही.

"ड्यूई, तुझ्या आईची शपथ आहे तुला!"

ड्यूईने डावा हात वर केला. तीन बोटं पसरली. हवेत पंप धरल्यासारखी मूठ केली आणि ओढली, पार खांद्यापर्यंत मागे, आणि पूर्ण पुढे. मग परत. आणि परत. आता त्याच्या ओढीत कोणालाही खोट काढता आली नसती.

सगळा थवा एकदम उठला. इतका आवाज झाला की रॉइस काय बोलला ते कोणालाच कळलं नाही. हंस नदीपलीकडे गेले आणि त्या मोसमात टॅडलॉकांच्या शेतात परत उतरले नाहीत.

रॉइसने त्याला तिथल्या तिथे हाकललं. ड्यूई आता खालच्या रस्त्याला, दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या कोठारात कामाला असतो. तिथेही भात वर चढवायचा स्क्रूच आहे. खुंटी अजून त्याच्या कोटाच्या खिशात असते, किल्ल्या काढताना दिसते. रॉइसचे पाहुणे आता आपले हंस आपणच उचलतात, आणि अर्धमेले तसेच चिखलात फडफडत राहतात, कारण माना पिरगळायला कोणी धजत नाही. व्हर्लीनचं दुकान जोरात चाललंय.

गावाने मात्र काही सोडलं नाही. ड्यूई जोलीनच्या खानावळीत शिरला, की कोपऱ्यातून कोणीतरी हात हवेत ओढतो आणि म्हणतो, "खट्!"

फक्त ड्यूई आता हसत नाही. तो बोलणाऱ्याच्या तोंडासमोर जाऊन उभा राहतो, त्याचा हात कोपरापाशी धरतो आणि म्हणतो, "अर्धवट ओढतोस. मागपर्यंत येऊ दे."