कार-लिफ्टमधली अमेरिका

पावणेसातला मी बिल्डिंगखाली उभी होते. मिलिंदची गाडी पाच मिनिटं लेट झाली तेव्हा मला बरंच वाटलं, कारण उशीर करायचा मान एरवी माझा, आणि तो ते शारजापासून दुबईपर्यंत ऐकवायचा. मग त्याच्या बायकोचा, शुभाचा फोन आला. "नीता, थांबू नकोस गं... मिलिंद गेला." बूट घालायला वाकला तो उठलाच नाही. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. कुणी 'बरं' म्हणतं का अशा वेळी? वॉचमनने विचारलं, "मॅडम, आज गाडी नहीं आया?" तेव्हा कुठे रडू फुटलं. त्याला आता दोन महिने होतील.

मिलिंद माझा कुणी नातेवाईक नव्हता. शारजाहून दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्सला रोज एका गाडीतून जाणारी आम्ही दोन माणसं. इथे याला कार-लिफ्ट म्हणतात. पण जाता-येता तीन तास ट्रॅफिकमध्ये शेजारी बसलेलं माणूस घरच्यांपेक्षा जास्त कळतं. ओळख त्याआधीची, एकाच बांधकाम कंपनीतली. २००८च्या मंदीत आमच्या कंपनीचे टॉवर अर्धवट थांबले आणि पुढच्या वर्षी काढून टाकायच्या लोकांची यादी आली. तिच्यात त्याचं नाव होतं, माझं नव्हतं. कंपनीने चार महिने व्हिसा रद्द न करण्याएवढी दया दाखवली. त्याच व्हिसावर शुभा आणि अकरा वर्षांची ईरा इथे राहत होत्या, आणि या पठ्ठ्याने घरी सांगितलंच नाही. रोज टाय लावून, टिफिन घेऊन निघायचा आणि शारजा औद्योगिक क्षेत्रात गॅरेजांच्या एका गल्लीत गाडी लावून बसायचा. तिथे बंद गाडीत बसलेल्या माणसाकडे कुणी ढुंकून बघत नाही. तिथूनच नोकरीसाठी फोन. शुभा मला फोन करायची तेव्हा मी, तो ऑफिसातच असल्यासारखी, कामाची खोटी गाऱ्हाणी सांगायचे. त्याच्यासाठी खोटं बोलायची सवय मला तेव्हापासूनची. चौथ्या महिन्यात दुसरी नोकरी लागली, त्या दिवशी त्याने शुभाला सगळं सांगून टाकलं. ती चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी शिरा केला. ईराला यातलं काहीच ठाऊक नाही, असं आम्ही तिघं धरून चाललो होतो.

ईरा शिकायला अमेरिकेत गेली आणि तिथलीच झाली. दर शुक्रवारी तिचा फोन. "आय ॲम फाइन, बाबा." खलास. त्यापुढे गाडी सरकत नसे. मग कधीतरी शुभाने सांगितलं, की ईरा मैत्रिणीबरोबर पॉडकास्ट करते, परदेशात वाढलेल्या मुलांच्या घरच्या गोष्टींचा. झालं! आमच्या गाडीतली जुनी गाणी बंद आणि अमेरिका सुरू. अमेरिकेत म्हणे आता सगळे हेच ऐकतात, भांडी घासताना, पळताना, गाडी चालवताना. आधी कान तयार व्हावा म्हणून त्याने भलत्याच लोकांचे पॉडकास्ट लावले. मी वैतागायचे. दोन माणसं तासभर गप्पा मारणार आणि मध्येच गादीची जाहिरात करणार. आमच्या भिशीत हे फुकट मिळतं, असं मी म्हणायचे. मग एके सकाळी त्याने ईराचा लावला. ती हसत होती, मैत्रिणीशी वाद घालत होती, शब्द सापडेना की अडखळत होती. मिलिंद गाडी चालवता चालवता म्हणाला, "अगं, ही एवढी बोलते?"

त्यानंतर एकही भाग चुकला नाही. तिचं प्रेम जमलं ते आम्हाला तिथे कळलं, मोडलं तेही तिथेच. एका भागात ती म्हणाली, की एकटं वाटलं की आमटी करते आणि ती दर वेळी बिघडते. मिलिंदने पुढच्या शुक्रवारी फोनवर उगाचच चिंच किती घालायची ते सांगितलं. "व्हाय आर यू टेलिंग मी धिस?" तिने विचारलं म्हणे. तो म्हणाला, सहज.

आणि मग तो भाग आला. शेख झायेद रोडवर गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. ईरा सांगत होती, की अकरा वर्षांची असताना स्कूलबस एकदा गॅरेजांच्या गल्लीतून गेली, आणि तिला तिचे बाबा गाडीत बसून एकटेच टिफिन खाताना दिसले. रस्त्यावरच्या अनोळखी माणसासारखे. ती सीटखाली वाकली, त्यांनी आपल्याला पाहू नये म्हणून. घरी आल्यावर त्यांनी ऑफिसातला एक विनोद सांगितला आणि ती पोट धरून हसली. "आय हॅव नेव्हर टोल्ड हिम," ती म्हणाली.

मला मान वळवायचा धीर होईना. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा मिलिंदने गाडी पुढे घेतली. मग म्हणाला, "बस मी पाहिली होती, नीता. मीसुद्धा खाली वाकलो होतो."

मी म्हटलं, तिला आत्ता फोन कर. तो नाही म्हणाला. "मी ऐकतो हे कळलं तर ती जपून बोलेल. मग मला नुसतं 'फाइन' उरेल." शुभालाही त्याने सांगितलं नाही, तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून. मला मात्र कुणाला न सांगायची शपथ घातली.

तो गेल्यावर ईरा आली. बाराव्या दिवशी माणसांची वर्दळ ओसरल्यावर मला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटलं. "मावशी, बाबांनी माझा शो कधी ऐकला होता? एक एपिसोड आहे... आय होप ही नेव्हर हर्ड इट."

तिचा चेहरा बघून मी म्हटलं, "छे गं. त्याला फोनमधलं असलं काही जमायचं का?"

तिने डोळे मिटून श्वास सोडला. मला वाटलं, सुटले. मग तिने डोळे उघडले. "नॉट इव्हन वन, मावशी?"

मी नाही अशी मान हलवली. दुसरं काय करणार होते? एक ऐकला म्हटलं असतं, तर कोणता, हे तिने विचारलंच असतं.

आता मी दुसऱ्या कार-लिफ्टने जाते, तीन अनोळखी माणसांबरोबर. कानात ईरा असते. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, की माझा आवाज कुठल्या कुठल्या गावच्या लोकांनी ऐकला, माझ्या बाबांनी मात्र एकदाही नाही. मी गाडीतच मोठ्याने बोलले, "अगं, ऐकला गं, सगळा ऐकला." तिघांनी वळून पाहिलं. तिला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तिने उचलला आणि तिन्ही वेळा मी तिला जेवलीस का, एवढंच विचारलं.

शुभा, हे तू वाचशीलच. ईराला मराठी वाचता येत नाही. तिला फोन लाव आणि सगळं वाचून दाखव. माझ्याने होत नाही.