कॉस्टिकला पुरून उरलेली पट्टी
पंक्चरच्या दुकानात ट्यूब घासल्याचा वास आला की मला बारामतीतल्या आमच्या छोट्या प्लेटिंग शॉपमधली ती सकाळ आठवते. तांब्याच्या दांड्यांवर कथिल चढवायचं होतं, पण टोकाचे स्क्रूसारखे आटे कोरे राहायला हवे होते. कथिलाच्या टाकीत वाफाळतं कॉस्टिक सोड्याचं पाणी. आटे झाकायला मेण लावलं, ते वितळलं. टेपचा गोंद सुटला. वॉर्निश तर बुळबुळीत होऊन वाहून गेलं. दुपारी गिऱ्हाईक नमुना बघायला येणार आणि हाताशी एकच दांडी उरलेली. तेवढ्यात कन्हेरी गावाहून कामाला येणाऱ्या तात्यांनी खिशातून ट्रॅक्टरच्या ट्यूबची पट्टी काढली. "मळ्यात पाइप गळाया लागला की आमी हीच ताणून गुंडाळतो. हितं बघू की लावून." आट्यांवर पट्टी ताणून गुंडाळली आणि दांडी टाकीत सोडली. पाऊण तासानं ती बाहेर काढून धुतली आणि मी पट्टी उलगडली. आत आटे तसेच लालबुंद, आणि पट्टीच्या कडेपासून पुढं कथिल चांदीसारखं लखलखीत. मी तात्यांना मिठीच मारली. आज माझ्याकडं असे भाग झाकायच्या, म्हणजे मास्किंगच्या, सामानाचे ढीगभर कॅटलॉग आहेत, ती पट्टी मात्र नाही. तात्यांनी ती धुवून परत खिशात घातली, कारण त्यांच्या मळ्यातला पाइप अजून गळतच होता.