निवृत्त न्यायाधीशांचा होकार

प्राध्यापिकाबाईंनी नवऱ्याला कोर्टात खेचलंय, ही बातमी जिन्यात पसरली तेव्हा सगळ्यांचे चेहरे दुःखी होते आणि कान खूश. बातमी खोटी निघाली. बाई कोर्टात जातात खऱ्या, पण मागच्या बाकावर बसायला. न्यायाधीश निकाल देताना नुसता कायदा बघतात की वारा कुठून वाहतोय तेही बघतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. सरकार ऐकेल का, सोबतचे न्यायाधीश साथ देतील का, याचा अंदाज घेत अंगाशी येणारं प्रकरण लांबणीवर कसं टाकलं जातं, हे त्यांना म्हणे न्यायाधीशांच्या खोकण्यावरून कळतं.

विषय कोर्टात ठेवून घरी यावं, तर ते नाही. सासूबाई म्हणाल्या, "चहा जरा वेळाने टाकते," की बाई विचारणार, "का? कोण येणार आहे?" नवऱ्याने न सांगता भांडी घासली तर त्याची धडगत नसते. जिन्यात त्यांना 'उलटतपासणी' म्हणतात. अर्थात, पाठीमागे.

यंदा त्यांची नोकरी कायम व्हायची होती, नाहीतर घरी बसायची वेळ. आणि निवड समितीवर कोण? 'तारखांमागे लपणारे न्यायाधीश' म्हणून बाईंनी ज्यांच्यावर नावानिशी लेख छापला होता, तेच निवृत्त गृहस्थ!

"संपलं," नवरा म्हणाला.

"इतक्यात नाही. आधी मुलाखत पुढे ढकलतील."

मुलाखत ठरल्या दिवशीच झाली. इथेच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. घरी आल्या त्या पांढऱ्याफटक पडून.

"लेख वाचला म्हणाले. वर 'छान आहे' म्हणाले!"

"मग बरंच झालं की!"

"काय बरं? निकाल विरोधात द्यायचा असला की वकिलाचं असंच तोंडभरून कौतुक करतात."

चार दिवस त्यांना जेवण गोड लागेना. मग पत्र आलं. निवड झाली होती, आणि शिफारस खुद्द न्यायाधीशांची. नवरा नाचायचाच बाकी होता. बाई मात्र पत्र उलटसुलट करून बघत बसल्या.

"सूनबाई, माणूस मोठ्या मनाचा निघाला," सासूबाई म्हणाल्या. "आता तरी त्याला चांगलं म्हण."

"म्हणते ना. मला नाकारलं असतं तर लेख झोंबला म्हणजे खराच, असं सगळे म्हणाले असते. इतका धोरणी निकाल त्यांनी उभ्या नोकरीत दिला नव्हता."